दूरचे डोंगर सहा मिनिटांचे: किल्ल्याचं पहिलं एचिंग कसं करावं

डोंगरमाथ्यावरचा किल्ला, खाली कडा, मागे एकामागे एक विरत गेलेल्या डोंगररांगा. एचिंग म्हणजे मेणाचा थर लावलेल्या धातूच्या पत्र्यावर सुईने चित्र काढायचं, उघड्या पडलेल्या रेघा आम्लाला खाऊ द्यायच्या आणि त्यांत शाई भरून कागदावर छापा काढायचा. ते शिकणाऱ्याने पहिलं मोठं काम म्हणून हाच विषय घ्यावा, असं मी आग्रहाने सांगतो. या चित्रात जवळचं, मधलं आणि दूरचं अशा तिन्ही गोष्टी स्पष्ट वेगळ्या असतात, आणि एचिंगमध्ये हे अंतर हाताच्या दाबाने येत नाही. पत्रा आम्लात किती वेळ राहिला यावर ते ठरतं. थोडा वेळ खाल्लेली रेघ उथळ आणि फिकी, जास्त वेळ खाल्लेली खोल आणि काळी. डोंगर किती लांब आहे हे इथे मिनिटांत मोजायचं असतं. एवढं एक हाताला समजलं की बाकीचं सरावाने येतं.

माझ्या पहिल्या पत्र्यावर मी सुईने दूरचे डोंगर अगदी हलक्या हाताने काढले होते आणि कडा जोर लावून. सगळा पत्रा एकाच वेळी आम्लात घातला, एकाच वेळी काढला. छापा हातात आला तेव्हा डोंगर, बुरूज, झुडपं सगळं एकाच काळेपणाचं, एकमेकांना चिकटलेलं. सुईचं काम फक्त मेणाचा थर उघडणं एवढंच असतं. जोर लावला काय, न लावला काय, आम्लाला उघडं तांबं तेवढंच दिसतं.

आधी थोडं जुन्या छाप्यांकडे बघा

एचिंगचं तंत्र चिलखतं आणि तलवारी नक्षीदार करणाऱ्या कारागिरांकडून आलं. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या डानिएल होप्फरने सन १५०० च्या सुमारास तेच तंत्र कागदावरच्या छाप्यांसाठी वापरलं. त्या काळी पत्रे लोखंडाचे असत. लोखंडावर आम्लाची रेघ जाड आणि खरबरीत येई, आणि बहुतेक कलावंत सगळ्या रेघा एकदाच खाऊ देत. रेगेन्सबुर्गच्या आल्ब्रेख्त आल्टडोर्फरने १५२० च्या आसपास अशा लोखंडी पत्र्यांवर नऊ निसर्गदृश्यं केली. माणसांशिवाय नुसता निसर्ग हाच विषय असलेल्या युरोपातल्या अगदी पहिल्या छाप्यांत त्यांची गणना होते. त्यांत डोंगर आहेत, उंचावरच्या वास्तू आहेत, आणि लोंबत्या फांद्यांची सूचिपर्णी झाडं आहेत. सगळी रेघ जवळपास एकाच वजनाची, तरीही डोंगर दूर वाटतात. का, ते शोधत बसा. दूरच्या डोंगराला त्याने फक्त बाह्यरेषा आणि मोजक्या तिरक्या रेघा दिल्यात. जवळच्या झाडावर मात्र हुकासारख्या वळणदार रेघांची गर्दी आहे. काही प्रतींवर पुढे हाताने रंगही भरले गेले.

याच्या पुढची पायरी तांब्यावर आली. लोरेनच्या झाक कालोने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला वाद्यं बनवणाऱ्यांचं कडक वार्निश पत्र्यावर वापरलं. मग पत्रा मधेच बाहेर काढून, फिका हवा तो भाग झाकून, पुन्हा आम्लात घालणं नेमकेपणाने जमू लागलं. त्याच सुमारास हॉलंडमध्ये हेर्क्युलेस सेखेर्स ओसाड खडकाळ डोंगरांचे छापे रंगीत शाईत, रंगवलेल्या कागदावर, कधी कापडावरही काढत होता. एकाच पत्र्याचे दोन छापे दोन वेगळ्या दिवसांचे वाटावेत इतके वेगळे.

म्हणजे अंतर दाखवायच्या दोन वाटा झाल्या. रेघांच्या विरळ-दाटपणाने दाखवायचं, ही आल्टडोर्फरची. आम्लातल्या वेळेने दाखवायचं, ही कालोनंतरची. नवशिक्याने दोन्ही एकत्र वापराव्यात. पण आखणी पहिल्या वाटेने करावी, कारण जो डोंगर रेखाटनातच दूर गेलेला नाही, त्याला आम्ल दूर नेणार नाही.

पायरी १: रेखाटन

पत्रा लहान घ्या, साधारण १२ बाय १५ सेंटिमीटर. त्याच मापाच्या पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने रेखाटन करा. आधी चार पट्टे ठरवा: सगळ्यांत दूरची रांग, मधली रांग, किल्ला आणि त्याची टेकडी, आणि पायाशी असलेला कडा किंवा झाड. प्रत्येक पट्ट्याला एक आकडा द्या. पुढे हेच आकडे आम्लातल्या वेळेचे होणार आहेत.

उजेड एका बाजूने येऊ द्या. बुरुजाची उजेडातली बाजू जवळजवळ कोरी सोडा. नवशिके भिंतीतला प्रत्येक दगड काढतात आणि भिंत विटांच्या जाळीसारखी दिसू लागते. दगड फक्त तिथे दाखवा जिथे उजेड संपून सावली सुरू होते, चार-सहा पुरेत. डोळा उरलेली भिंत आपोआप बांधून घेतो. चार सेंटिमीटर रुंदीच्या किल्ल्यात खिडकी म्हणजे दोन मिलिमीटरच्या तीन उभ्या रेघा, एकमेकींजवळ, पण चिकटलेल्या नाहीत.

कड्यावर रेघा खडकाच्या भेगांच्या दिशेने ओढा, उतारावर उताराच्या दिशेने. आकाश रिकामं ठेवा. ढगांचा मोह पहिल्या पत्र्याला टाळलेला बरा.

आणखी एक गोष्ट: छापा आरशातल्यासारखा उलटा येतो. रेम्ब्रांटने १६४० च्या सुमारास केलेल्या ॲमस्टरडॅमच्या देखाव्यात शहर उलटं दिसतं, कारण त्याने ते पत्र्यावर सरळ काढलं होतं. काल्पनिक किल्ल्याला उलटा आल्याने काही बिघडत नाही, पण ओळखीचा किल्ला असेल तर दरवाजा भलत्या बाजूला जाईल. त्यावरचा उपाय पायरी ४ मध्ये आहे.

पायरी २: पत्रा तयार करणं

तांब्याचा पत्रा घ्या, एक ते दीड मिलिमीटर जाडीचा, गुळगुळीत. चारही कडा कानशीने तिरक्या घासा, साधारण ४५ अंशांत, आणि कोपरे किंचित गोल करा. हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक टाळतात, आणि मग प्रेसच्या दाबाखाली धारदार कड कागद कापते, लोकरीचा नमदाही फाडते.

नंतर तेलकटपणा काढा. खडूची बारीक भुकटी आणि थोडं अमोनियाचं पाणी कालवून मऊ कापडाने सगळीकडे चोळा. खिडक्या उघड्या असू द्या. अमोनियाचा वास नको असेल तर सोया सॉसनेही काम होतं. मग पत्रा नळाखाली तिरका धरा. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून वाहिलं तर पत्रा स्वच्छ. कुठे पाणी आकसून थेंब झाले, तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा चोळा. त्या जागी ग्राउंड, म्हणजे पुढच्या पायरीतला मेणाचा थर, धरणार नाही आणि आम्ल नको तिथे शिरेल. धुतल्यावर पत्रा फक्त कडांनी धरा. बोटाचा ठसासुद्धा तेलच असतो.

पायरी ३: ग्राउंड

ग्राउंड म्हणजे मधमाश्यांचं मेण, डांबर आणि राळ यांचं मिश्रण. आम्लाला ते अडवतं, सुईला वाट देतं. वडीचं ग्राउंड गरम पत्र्यावर वितळवून रोलरने पातळ पसरवतात. पत्रा इतकाच गरम असावा की वडी वितळेल. धूर येऊ लागला तर ग्राउंड जळतंय. ज्याच्याकडे गरम करायची सोय नाही त्याने द्रवरूप ग्राउंड घ्यावं. तिरक्या पत्र्यावर ते ओतायचं, जादा निथळू द्यायचं, आणि धूळ बसणार नाही अशा जागी पूर्ण वाळू द्यायचं.

थर मधाच्या रंगाचा, एकसारखा हवा. जाड झाला तर सुईखाली तुकडे उडतात, पातळ झाला तर आम्ल झिरपतं.

पायरी ४: रेखाटन उतरवणं आणि सुई

पेन्सिलीचं रेखाटन ग्राउंडवर उपडं ठेवा आणि हलक्या दाबाने प्रेसमधून काढा. ग्रॅफाइटच्या रेघा ग्राउंडवर चंदेरी उमटतात, त्याही उलट्या. त्यामुळे छापा शेवटी सरळ येतो. आधी म्हटलेला उपाय तो हाच.

आता सुई. पेनासारखी धरा, पण थोडी उभी. वजन सुईचं स्वतःचं पुरेसं असतं. ग्राउंड दूर होऊन खालचं तांबं उघडं पडलं की त्या थरात एक लालसर सोनेरी तार चमकते. दिव्याखाली पत्रा किंचित हलवला की सगळा किल्ला त्या तारांनी विणलेला दिसतो. मला हा क्षण छाप्यापेक्षाही आवडतो. मात्र त्याला भुलू नका. तांब्यावरची चमकती रेघ आणि कागदावरची काळी रेघ उलट्या वजनाच्या असतात: इथे जे उजळ, ते तिथे काळं.

मी सुया दोन ठेवतो. दूरच्या रांगांना बारीक टोकाची, कड्याला थोडी बोथट. दूरच्या रांगेत रेघ मधे मधे तुटू द्या. अखंड बाह्यरेषेने डोंगर पुढे येतो. कड्यावर रेघांमधलं अंतर जास्त ठेवा. हे उलटं वाटेल, कारण काळोख तर कड्यावर हवा. पण तिथल्या रेघा आम्लात सर्वांत जास्त वेळ राहणार आणि खोलीबरोबर रुंदही होणार. फार जवळ असल्या तर मधली ग्राउंडची भिंत ढासळते, दोन-तीन रेघांचा एकच रुंद, सपाट खड्डा होतो. सपाट खड्ड्यात शाई टिकत नाही, पुसताना निघून जाते. जिथे सर्वांत काळं हवं होतं, नेमका तिथे राखाडी डाग येतो.

सुई घसरली, नको ती रेघ पडली, तर आम्ल अडवणारं वार्निश बारीक ब्रशने थोडं लावून ती झाका. वार्निश वाळलं की त्यावरूनच नवी रेघ काढता येते.

पायरी ५: आम्ल

या पायरीवर मी जास्त थांबणार आहे, कारण चित्र इथेच बनतं.

नवशिक्याने नायट्रिक आम्लाच्या वाटेला जाऊ नये. त्याचे तपकिरी धूर फुप्फुसाला घातक असतात. तांब्यासाठी फेरिक क्लोराइडचं द्रावण घ्या. त्याच्यातून तसे धूर येत नाहीत आणि रेघ नितळ, सरळ भिंतींची येते. पण तेही दाहक आहे आणि त्याचे डाग कपड्यावरून, फरशीवरून निघत नाहीत. हातमोजे, चष्मा आणि ॲप्रन घालूनच काम करा. ट्रे प्लॅस्टिकचा हवा, धातूचं काहीही जवळ नको, धातूचं सिंकसुद्धा नको. वापरलेल्या द्रावणात तांबं विरघळलेलं असतं आणि ते पाण्यातल्या जिवांना मारक ठरतं. ते मोरीत ओतायचं नाही. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्यायचं.

मूळ पत्र्याला हात लावण्याआधी चाचणीची पट्टी करा. उरलेल्या तांब्याच्या तुकड्यावर त्याच दिवशी तेच ग्राउंड लावा, सारख्या रेघांचे पाच गट काढा, पट्टी द्रावणात घाला आणि ठरावीक वेळाने बाहेर काढून एकेक गट वार्निशने झाकत जा. मग पट्टी छापून बघा. द्रावण किती ताजं आहे, खोली किती गार आहे, यावर वेळ बदलतो. गारठ्यात आम्ल मंदावतं. दुसऱ्याच्या वहीतली मिनिटं तुमच्या द्रावणाला लागू पडतीलच असं नाही, माझीही नाहीत. तरी कल्पना यावी म्हणून माझ्या एका किल्ल्याची आखणी देतो: दूरची रांग ६ मिनिटं, मधली रांग १२, किल्ला २५, कडा ६०. हे सगळे आकडे एकूण वेळेचे आहेत.

पत्र्याची मागची बाजू चिकटपट्टीने किंवा वार्निशने पूर्ण झाका, पत्र्याच्या चारही बाजूंच्या कडाही. फेरिक क्लोराइडमध्ये खाल्लेल्या तांब्याचा गाळ रेघांत साचतो आणि पुढचं खाणं अडवतो, म्हणून पत्रा लहान आधारांवर उपडा ठेवतात, म्हणजे गाळ खाली पडत राहतो. उभ्या टाकीत पत्रा उभा सोडला तरी चालतं.

आता घड्याळ. सगळं चित्र काढून झालेलं आहे, सगळ्या रेघा उघड्या आहेत. पत्रा आत घाला. ६ मिनिटांनी बाहेर काढा, भरपूर पाण्याने धुवा, टिपून पूर्ण वाळवा, आणि दूरची रांग वार्निशने झाका. ती रांग आता कायमची सहा मिनिटांची. वार्निश वाळलं की पुन्हा आत, आणखी ६ मिनिटं. मग मधली रांग झाका. त्याच वेळी बुरुजाच्या उजेडातल्या बाजूचे ते चार-सहा दगडही झाका. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. किल्ला हा एक पट्टा असला तरी त्याला दोन बाजू आहेत; उजळ बाजू मधल्या रांगेइतकीच फिकी ठेवली तर बुरूज गोल वाटू लागतो. पुन्हा आत, १३ मिनिटं, मग किल्ला झाका. शेवटी एकटा कडा आणि त्यावरचं झाड, आणखी ३५ मिनिटं.

वार्निश झाकताना पट्ट्यांची कड सरळ रेघेत संपवू नका. डोंगराच्या घडीबरोबर, झाडाच्या शेंड्यांबरोबर ब्रश फिरवा. नाहीतर छाप्यात फिकं आणि गडद यांची शिवण दिसते.

खोली किती झाली हे कळायला सुईचं टोक उघड्या रेघेवरून हलकेच आडवं न्या. टोक अडखळलं की रेघ धरू लागली आहे. भिंगातून बघितलं तर आणखी चांगलं. खात्री नसेल तर थोडं आधीच थांबा. कमी खाल्लेल्या पत्र्याला पुन्हा ग्राउंड लावून रेघा वाढवता येतात. जास्त खाल्लेली रेघ उथळ करायला खरवडणी आणि घोटणी घेऊन दोन-दोन तास बसावं लागतं.

पायरी ६: छापा

ग्राउंड आणि वार्निश टर्पेंटाइनसारख्या द्रवाने पुसून काढा. ज्वालाग्राही आहे, आसपास आग नको, खिडक्या उघड्या.

कागद सुती लगद्याचा, २५० ते ३०० ग्रॅम वजनाचा घ्या. अर्धा-पाऊण तास पाण्यात भिजवा, मग टिपकागदांत दाबून वरचं पाणी काढा. पृष्ठभागावर चमक दिसत असेल तर अजून ओला आहे. ओलसर कागद मऊ होऊन रेघांच्या तळापर्यंत उतरतो आणि शाई उचलून आणतो. कोरडा कागद वरूनच निघून जातो.

पत्रा किंचित कोमट करा. एचिंगची तेलाची शाई पुठ्ठ्याच्या तुकड्याने सगळ्या पत्र्यावर पसरवा, रेघांत दाबून भरा. मग खळ घातलेल्या जाळीदार कापडाची गुंडी करून गोल गोल फिरवत पुसा. हात सपाट, दाब कमी, आणि कापडाची तीच शाईने भरलेली बाजू बराच वेळ वापरायची. स्वच्छ कापड रेघांतली शाई खेचून घेतं. शेवटी पातळ कागद तळहाताखाली सपाट धरून वरची धुकट शाई काढा. कडांचा उतार स्वच्छ पुसा, नाहीतर छाप्याभोवती मळकी चौकट येते.

पुसताना किती पुसायचं, हा चित्राचाच भाग आहे. दूरच्या रांगांवर आणि आकाशात पत्रा जवळजवळ स्वच्छ करा. टेकडीच्या पायथ्याशी, कडा आणि किल्ला यांच्या मधल्या दरीत, शाईचा अगदी पातळ पापुद्रा राहू द्या. छाप्यात तिथे धुकं बसतं आणि किल्ला वर उचलल्यासारखा दिसतो.

पत्रा प्रेसच्या तळावर, त्यावर कागद, त्यावर नमदे. हँडल न थांबता, एका वेगाने फिरवा. मधेच थांबलात तर कागदावर आडवी खूण उमटते. मग नमदे उलटा आणि कागदाचे दोन कोपरे धरून सावकाश उचला. ओला कागद पत्र्याला थोडा धरून असतो, मग सुटत सुटत येतो: आधी कड्याचा काळा भाग, मग भिंत, आणि सर्वांत शेवटी दूरची रांग, इतकी फिकी की वाटतं ती उमटलीच नाही. प्रकाशात धरा. असते.

पहिला छापा चाचणीचा समजा. तो भिंतीला लावून हातभर मागे जाऊन बघा. दूरची रांग पुढे आली असेल तर घोटणीने तांबं हलकेच घोटून ती उथळ करा. कडा फिका असेल तर पुन्हा ग्राउंड लावा, काही नव्या रेघा घाला, परत आम्लात. एक-दोन बारीक गडद रेघाच हव्या असतील तर आम्लाशिवाय, सुईने तांबं थेट ओरखडा. त्या ओरखड्याची उठलेली कड शाई धरते आणि मखमली रेघ देते. मात्र दाबाखाली ती लवकर झिजते, थोड्या छाप्यांनंतर फिकी पडते.

छापे टिपकागदांत, सपाट फळीखाली, वर वजन ठेवून वाळवा. कागद रोज बदला. वाळल्यावर प्रतिमेखाली पेन्सिलीने डावीकडे प्रतीचा क्रमांक, उजवीकडे सही. वीस प्रतींतली तिसरी असेल तर ३/२०.

शेवटचा छापा झाला की पत्रा शाईपासून पूर्ण स्वच्छ करा, व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि कागदात गुंडाळा. त्या गुंडाळीवर तारीख, खोलीचं तापमान आणि चारही पट्ट्यांची मिनिटं लिहून ठेवा. पुढच्या किल्ल्याची चाचणीची पट्टी त्या आकड्यांवरूनच आखायची आहे.